इंग्रजी शब्दांना दिलेला अर्धचंद्र

सोलापूरच्या बाजारपेठेत एखाद्या कापडदुकानाच्या पाटीवर तीन शब्द हमखास एका ओळीत आढळतात: चादर, टॉवेल, नॅपकीन. तिन्ही वस्तू याच शहरातल्या मागांवर विणलेल्या, एकाच फळीवर रचून ठेवलेल्या; आणि तिन्ही शब्द बाहेरून आलेले. 'चादर' फारसीतून आली, उरलेले दोन इंग्रजीतून आले. तरीही पाटी वाचणाऱ्याला चादर कधी परकी वाटत नाही. टॉवेल आणि नॅपकीन मात्र डोक्यावरच्या अर्धचंद्रामुळे लांबूनच ओळखू येतात. त्याच दुकानात शिरून गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातला संवाद ऐकावा, तर तेथे बहुधा 'टावेल' ऐकू येतो. पाटीवर अर्धचंद्र आणि जिभेवर साधा काना, अशी ही विभागणी आहे.

या दोन रूपांपैकी शुद्ध कोणते, असा प्रश्न विचारला तर आपल्यापैकी बहुतेक जण, विशेषतः अध्यापन करणारे, क्षणाचाही विलंब न लावता 'टॉवेल'च्या बाजूने कौल देतील. आम्हीही बरीच वर्षे तसाच देत होतो. विद्यार्थ्यांच्या वहीतला 'टावेल' लाल शाईने दुरुस्त करताना आपण नेमके काय करीत आहोत, हा विचार मनात आला नव्हता. तो पुढे आला तेव्हा लक्षात आले की, ॲ आणि ऑ या दोन अक्षरांवाचून जे इंग्रजी शब्द मराठीत लिहिताच येत नाहीत, त्यांना स्वतःचा असा इतिहास आहे. आणि गिरण्यांचे, पाच-सहा भाषांचे आणि मार्शल लॉचे शहर असलेल्या सोलापुरात तो जसा उघडपणे वाचता येतो तसा अन्यत्र क्वचितच येत असेल. प्रस्तुत टिपणात त्या इतिहासाचा थोडा मागोवा घेण्याचा विचार आहे.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. मराठीने परकी शब्द घेण्याची सुरुवात इंग्रजीपासून केली नाही. फारसी-अरबी शब्दांचा लोंढा तिने कित्येक शतके अंगावर घेतला आणि पचविला. हे शब्द घेताना एक गोष्ट तिने कटाक्षाने टाळली, ती म्हणजे त्यांच्याबरोबर त्यांची अक्षरे घेणे. मूळ भाषेतले घशातून येणारे क, ख, ग, दातओठांमधून घासत येणारा फ, हे ध्वनी मराठीने आपल्या जवळच्या अक्षरांत मुरवून टाकले. हिंदीने ते दाखविण्यासाठी अक्षराखाली नुक्ता देण्याची सोय केली. मराठीला तिची गरज भासली नाही. खबर, गरीब, फौज, कायदा, लष्कर हे शब्द आपण वाचतो तेव्हा त्यांच्या अंगावर परकेपणाची एकही खूण दिसत नाही. त्यामुळेच ते परके राहिले नाहीत. कागदाला तर आपण अंत्य ध्वनीही बदलायला लावला आणि त्याचा 'कागद' केला.

इंग्रजीच्या पहिल्या काही दशकांत हाच न्याय पुढे चालला. छावण्या, कचेऱ्या, आगगाडीची स्थानके आणि साहेबांचे बंगले येथून जे शब्द कानावाटे आले, त्यांना मराठीने आपल्या मुशीत ओतले. 'प्लॅटून'ची पलटण झाली, 'प्लॅटफॉर्म'चा फलाट झाला, 'लॉर्ड'चा लाट झाला आणि त्याला साहेब जोडून लाटसाहेब झाला. 'जॅकेट'चे जाकीट झाले. या जाकिटाचे उदाहरण विशेष बोलके आहे. ते नपुंसकलिंगी झाले, त्याचे अनेकवचन 'जाकिटे' झाले, आणि विभक्ती लावताना 'की'चा दीर्घ ईकार ऱ्हस्व होऊन 'जाकिटाचा खिसा' असे त्याचे सामान्यरूपही सिद्ध झाले. एखाद्या तद्भव शब्दाला जे काही करावे लागते ते सारे त्याने केले. ज्यांनी हे घडविले त्यांनी इंग्रजीचे एक पुस्तकही उघडले नसेल. मात्र मराठीचे व्याकरण त्यांच्या कानात पक्के होते.

यानंतर छापखाना आला, शाळा आली, आणि इंग्रजी शब्द कानाऐवजी डोळ्यांवाटे येऊ लागला. जो शब्द इंग्रजी लिपीत समोर दिसतो, त्याचा उच्चार शिक्षकाकडून घोटवून घेतलेला असतो, तो मराठीत लिहिताना त्या उच्चाराशी इमान राखण्याची काळजी उत्पन्न होते. इंग्रजीतला 'बॅट'मधला स्वर आणि 'कॉल'मधला स्वर यांना देवनागरीत घर नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या छापील मराठीने आरंभी यावर दोन उपाय केले. पहिल्या स्वरासाठी 'या' वापरला: ब्यांक, क्यांप, ग्यास, म्याजिस्ट्रेट, ब्यारिस्टर. दुसऱ्यासाठी साधा काना पुरेसा मानला: कालेज, डाक्तर, लार्ड, आक्टोबर. जुन्या मासिकांच्या फायली चाळणाऱ्यांना ही रूपे नवी नाहीत. आज ती वाचताना आपल्याला हसू येते. पण ते लेखन करणारे आपल्या काळातले विद्वान होते आणि इंग्रजी त्यांना उत्तम येत होते, हे विसरता कामा नये.

हे हसू किती प्रादेशिक आहे, ते सोलापुरात चटकन कळते. या शहरात मराठीच्या शेजारी तेलुगू, कन्नड आणि उर्दू पिढ्यान् पिढ्या नांदत आल्या आहेत. तेलंगणातून आलेला विणकर समाज, दक्षिणेकडून पसरलेला कन्नड भाषक समाज, उर्दू बोलणारे मोमीन विणकर, या साऱ्यांनी हे शहर घडविले. तेलुगू आणि कन्नड लिप्या आजही 'बॅंक' हा शब्द आपापल्या अक्षरांत 'ब्यांक' असाच लिहितात, 'डॉक्टर'ला 'डाक्टर' असेच लिहितात, आणि त्यात कोणालाही अशिक्षितपणा दिसत नाही. देवनागरीतच लिहिणारा नेपाळी माणूसही 'ब्या' वापरतो. हिंदीने 'ऐ'चा आधार घेऊन 'बैंक' केले आणि 'डॉक्टर', 'कॉलेज' यांसाठी मात्र अर्धचंद्र स्वीकारला. गुजरातीने मराठीसारखीच दोन्ही स्वरांसाठी वेगळी चिन्हे ठेवली. म्हणजे आम्ही ज्याला जुनाट लेखन म्हणून बाजूला सारले, तो शेजारच्या घरातला आजचा शिष्ट व्यवहार आहे. एकाच पतपेढीच्या पाटीवर एकाच इंग्रजी शब्दाची तीन रूपे शेजारी शेजारी नांदू शकतात, आणि तिन्ही आपापल्या भाषेच्या नियमाने शुद्ध असतात.

मग मराठीने 'या'चा उपाय सोडला का? त्याला सबळ कारण होते. 'या' हा मराठीत रिकामा पडलेला ध्वनी नव्हता. म्यान, प्याला, ब्याण्णव, ब्याद अशा शब्दांत तो आधीच कामाला लागलेला होता. तलवारीचे म्यान आणि इंग्रजी 'मॅन' एकाच तऱ्हेने लिहू लागलो, तर वाचणाऱ्याने काय समजावे? कान्याच्या बाबतीत तर घोटाळा अधिकच होता. हॉल आणि हाल, मॉल आणि माल, बॉल आणि बाल, कॉल आणि काल, चॉक आणि चाक अशा जोड्या आज कोणीही सहज देईल. ज्या जोडीतल्या शब्दांचा अर्थ केवळ एका ध्वनीच्या फरकाने पालटतो, तो ध्वनी त्या भाषेत स्वतंत्र स्वनिम मानावा, असे भाषाविज्ञान सांगते. त्या कसोटीने पाहता ॲ आणि ऑ हे आज मराठीचेच स्वनिम झाले आहेत. अर्धचंद्राची ही उपयुक्तता आम्हांला पूर्णपणे मान्य आहे.

परंतु अर्धचंद्राने आणखी एक काम केले, आणि ते तितकेसे निरुपद्रवी नव्हते. त्याने एकाच इंग्रजी शब्दाची दोन मराठी घरे केली. जाकीट आणि जॅकेट, लाट आणि लॉर्ड, बालिस्टर आणि बॅरिस्टर, हापीस आणि ऑफिस, इस्पितळ आणि हॉस्पिटल. (शेवटच्या जोडीतले पहिले रूप आपल्याकडे पोर्तुगिजांमार्फत आले असे मानतात, पण न्याय तोच.) प्रत्येक जोडीतले एक रूप कानाने घडविलेले आहे आणि दुसरे डोळ्याने. काळाच्या ओघात डोळ्याचे रूप शिक्षिताचे ठरले आणि कानाचे रूप अडाण्याचे. कथा-कादंबऱ्यांतली पात्रे आठवून पाहावीत. लेखकाला एखादे पात्र खेडवळ किंवा निरक्षर आहे हे चटकन सुचवायचे असेल, तर त्याच्या तोंडून 'डाग्दर' किंवा 'हापीस' वदविले की काम होते. अर्धचंद्र गळाला की माणसाची पायरी उतरली, असा हा संकेत आपल्या गद्याने इतका मुरवून घेतला आहे की, तो संकेत आहे हेही आपल्याला जाणवत नाही.

सोलापूरच्या गिरण्यांकडे वळले म्हणजे या संकेताची दुसरी बाजू दिसू लागते. १८६० साली आगगाडी सोलापुरास पोचली. त्यानंतरच्या दशकात येथे सूतकताई आणि विणाईची पहिली मोठी गिरणी उभी राहिली, पुढे आणखी गिरण्या आल्या, आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला. पहिल्या गिरणीचे कागदोपत्री नाव 'शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी'. या नावातल्या 'अँड'वर अर्धचंद्र आहेच. लोकांनी मात्र तिला 'जुनी मिल' म्हटले. १९४९ साली ही गिरणी बंद पडली, १९५० मध्ये केंद्र सरकारने खास कायदा करून तिचे व्यवस्थापन हाती घेतले, आणि त्यावरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. राज्यघटनेचा अभ्यास करणारे विद्यार्थी आजही त्या खटल्यांत 'शोलापूर' हे नाव वाचतात. न्यायालयाच्या निकालपत्रातली कंपनी आणि गावातली जुनी मिल एकच, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असते कोण जाणे.

गिरणीतली भाषा पाहावी. कामगारांची भरती करणारा आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा तो जॉबर. सूत गुंडाळायची ती बॉबिन. मागावर नक्षी उठविण्याची साधी यंत्ररचना म्हणजे डॉबी, आणि अधिक गुंतागुंतीच्या नक्षीसाठी जॅकार्ड. हे जॅकार्ड म्हणजे मुळात एका फ्रेंच माणसाचे आडनाव. जोसेफ मारी जॅकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साह्याने ताण्याचे धागे हवे तसे उचलण्याची युक्ती बसविली, आणि सोलापुरी चादरीवरची नक्षी त्याच युक्तीतून उतरते. शब्द पाहा: जॉबर, बॉबिन, डॉबी, जॅकार्ड. यांपैकी एकही अर्धचंद्रावाचून लिहिता येत नाही. पण ज्यांनी हे शब्द आयुष्यभर वापरले त्यांतल्या कित्येकांनी ते कधी लिहिलेच नाहीत. कोणी तेलुगूतून विचार करणारा, कोणी कन्नडमधून, कोणी मराठीतून. खात्यातल्या यंत्रांच्या गदारोळात ओरडून बोललेला शब्द ज्याच्या त्याच्या जिभेप्रमाणे 'जाबर' झाला, 'बाबीन' झाला. धोटा, ताणा, बाणा, फणी हे मागाचे जुने शब्द होतेच. त्यांच्या पंक्तीला हे नवे शब्द बसले, आणि बसताना त्यांनी अर्धचंद्र बाहेर काढून ठेवला.

आता पुन्हा टॉवेलकडे येऊ. सोलापुरी चादरीप्रमाणेच सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. म्हणजे कायद्यानेही हा शब्द सोलापूरचा झाला आहे. या शब्दाचे इंग्रजी उच्चारण नीट तपासले, तर एक चमत्कारिक गोष्ट हाती लागते. इंग्रजीत त्याच्या पहिल्या अक्षरात 'ऑ' नाही. तेथे 'टाउ' आहे. 'आ'कडून 'उ'कडे घसरत जाणारा संयुक्त स्वर. त्यापुढे दुसरा स्वर आल्यावर त्या 'उ'चा 'व' होणे मराठीच्या स्वभावाला धरूनच आहे. म्हणजे ज्याने हा शब्द कानाने ऐकला, त्याच्या जिभेवर 'टावेल' उमटणे अगदी स्वाभाविक, आणि मुळाला अधिक जवळचेही. मग 'टॉवेल'मधला अर्धचंद्र आला कोठून? आमच्या मते तो इंग्रजी वर्णमालेतल्या 'ओ' या अक्षरावरून आला. शब्दाच्या लेखनात 'टी'नंतर 'ओ' दिसतो. 'डॉक्टर', 'कॉलेज', 'ऑफिस' या शब्दांत 'ओ'चा उच्चार 'ऑ' होतो, हे शाळेत शिकलेले असते. तोच नियम येथेही लावला गेला.

हा एकच शब्द असता तर योगायोग म्हणून सोडून देता आला असता. परंतु ज्या इंग्रजी शब्दांत 'ओ', 'डब्ल्यू', 'ई' ही तीन अक्षरे या क्रमाने येतात आणि उच्चार 'आउ' असा होतो, त्यांची मराठी रूपे एका ओळीत मांडून पाहावीत: टॉवर, पॉवर, शॉवर, फ्लॉवर, टॉवेल. सगळ्यांवर अर्धचंद्र. यंत्रमागाला इंग्रजीत जे म्हणतात तो 'पॉवरलूम'ही याच कुळातला. या उलट, जेथे 'ओ' आणि 'डब्ल्यू' यांच्यापुढे व्यंजन आले, तेथे आपण इमानाने 'आऊ' लिहितो: 'टाऊन हॉल'मधला 'टाऊन' पाहावा. अक्षरे तीच, उच्चारही तोच. पण पुढे स्वर आला की आपल्या डोळ्याने कानावर मात केली. एवढेच नव्हे, पुढे जीभही डोळ्याच्या मागे गेली, आणि आज शिकलेला मराठी माणूस खरोखरच 'टॉवेल' असा उच्चार करतो. तो आता मराठीतला रूढ शब्द आहे, आणि तो अशुद्ध ठरविण्याचा आमचा मुळीच विचार नाही. मात्र विद्यार्थ्याच्या 'टावेल'वर लाल शाई फिरविताना आपण त्याचे इंग्रजी सुधारीत नव्हतो, एवढे ध्यानात घ्यावे. इंग्रजीच्या अधिक जवळ तोच होता.

अशीच एक गंमत अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत घडत असते. अमेरिकी इंग्रजीत 'डॉक्टर', 'बॉबिन', 'कॉलेज' या शब्दांतला पहिला स्वर ब्रिटिशांसारखा गोल नसतो. तो 'आ'कडे झुकलेला असतो. गावाकडची आजी जो 'डाक्टर' म्हणत असे आणि ज्याची नातवंडांनी कधी काळी थट्टा केली, तोच 'डाक्टर' पणतवंडे तिकडच्या शाळेतून शिकून येतात. शुद्ध उच्चार म्हणून आपण जो घोटविला, तो एका विशिष्ट देशाच्या एका विशिष्ट वर्गाचा उच्चार होता, ही गोष्ट त्या थट्टेत हरवून गेली होती.

यानंतरचा शब्द थट्टेचा नाही. सोलापूरच्या स्मृतीत जो इंग्रजी शब्द सर्वांत खोल रुतला आहे, तो 'मार्शल लॉ'. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेची बातमी आल्यावर शहरात प्रक्षोभ उसळला. ८ मे रोजी गोळीबार झाला, लोक मारले गेले, पोलिसांवरही जमाव तुटून पडला, आणि त्यानंतरचे काही दिवस शहरात ब्रिटिश अंमल नावालाही उरला नाही. १२ मे रोजी सैन्याने शहराचा ताबा घेऊन लष्करी कायदा पुकारला, आणि पाठोपाठ व्हाइसरॉयने त्यासाठी खास वटहुकूम काढला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. ही चार नावे एकापुढे एक उच्चारली तरी शहराचा बहुभाषक पोत कानाला जाणवतो.

त्या घटनेला मराठीत 'लष्करी कायदा' असा शब्द उपलब्ध होता आणि लेखनात तो वापरलाही जातो. पण सोलापूरकर त्या काळाबद्दल बोलताना 'मार्शल लॉ'च म्हणतो. 'मार्शल लॉच्या वेळी' ही शहराची कालगणनेची एक खूणच होऊन बसली. येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. 'लष्कर' फारसी, 'कायदा' अरबी. म्हणजे 'लष्करी कायदा' हा शब्दप्रयोगही मुळात तितकाच परका आहे. तरी तो आपल्याला घरचा वाटतो, कारण त्यात परके अक्षर नाही. 'मार्शल लॉ' मात्र शेवटच्या अर्धचंद्रासकट परका वाटतो. आणि लोकांनी तो टिकविला तो त्या परकेपणासाठीच, असे आम्हांस वाटते. तो कायदा आपला नव्हता. ज्याची जुलूमजबरदस्ती त्याच्याच भाषेत, त्याच्याच अक्षरानिशी ती नोंदवून ठेवावी, यात लोकांचे शहाणपण होते. 'लष्करी कायदा' म्हटले असते तर त्या राजवटीला आपल्या भाषेत जागा दिल्यासारखे झाले असते. मराठीत 'अर्धचंद्र देणे' याचा अर्थ मानेवर हात ठेवून बाहेर काढणे असा आहे. 'लॉ'वरचा अर्धचंद्र या अर्थानेही वाचता येतो.

त्या वटहुकुमाच्या नावात शहराचे नाव होते ते 'शोलापूर' असे. इंग्रजांनी मराठी शब्दात घातलेल्या अक्षराचे हे उलट उदाहरण. मराठीत सोलापूर, सोळा गावांवरून हे नाव पडले अशी लोकप्रिय व्युत्पत्ती आहे, आणि सिद्धरामेश्वरांच्या काळच्या 'सोन्नलिगे' या नावाशी त्याचा संबंध जोडणारे दुसरे मतही आहे. दोहोंपैकी कोणतेही स्वीकारले तरी आरंभीचा ध्वनी 'स'च. इंग्रजी लेखनात मात्र 'एस'पुढे एक 'एच' येऊन बसला. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड याच 'शोलापूर'चा आहे. स्वातंत्र्यानंतर कारभारातून तो 'एच' निघून गेला, तरी हिंदी मुलखात 'शोलापुरी चादर' अजून विकली जाते. एका शहराच्या नावातले एक अक्षर काढायला राज्य बदलावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे अक्षरे ही किरकोळ बाब नव्हे हे पटते.

शब्दाला आपलेसे करण्याची रीत कशी असते, याचा दाखला याच शहराच्या एका सुपुत्राच्या नावात मिळतो. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. आपण त्यांचे नाव 'डॉ.' या अर्धचंद्रयुक्त उपाधीशिवाय घेत नाही. चिनी लोकांनी त्यांना 'के दीहुआ' असे नाव दिले. चिनी कानाला झेपेल आणि चिनी अक्षरांत लिहिता येईल असे ते नाव आहे. मूळ उच्चार त्यात जवळजवळ लोपला, आणि माणूस त्यांचा झाला.

मराठीने अर्धचंद्राला आपल्या घरात अधिकृत जागा दिली ती फार उशिरा. व्याकरणाने या शब्दांना बराच आधी आश्रय दिला होता. 'बँकेत', 'कॉलेजात', 'ऑफिसात' ही रूपे पाहा. विभक्तीने त्यांना केव्हाच आपले मानले. पण शालेय व्याकरणांतल्या वर्णमालेत बारा स्वर, दोन स्वरादी आणि चौतीस व्यंजने मिळून अठ्ठेचाळीसच वर्ण मोजले जात. मूल पहिलीत 'बॅट', 'बॉल' लिहायला शिके, पण ती अक्षरे त्याला तक्त्यात सापडत नसत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना स्वरांच्या ओळीत स्थान मिळाले, आणि बाराखडीची चौदाखडी झाली.

संगणकाने तर हा प्रश्न निराळ्याच रीतीने पुढे आणला. देवनागरीच्या संगणकीय संकेतांत हिंदीच्या सोयीचा, 'ए'वर अर्धचंद्र असलेला 'ऍ' आधीपासून होता. मराठीत रूढ असलेला, 'अ'वर अर्धचंद्र असलेला 'ॲ' नव्हता. तो युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली दाखल झाला. तोपर्यंत महाजालावर लिहिणारे मराठी लोक हिंदीचा 'ऍ' तरी वापरीत किंवा 'अ'ला जोडाक्षराच्या युक्तीने अर्धचंद्र चिकटवीत. 'बँक' या शब्दाचा घोळ तर अजूनही मिटलेला नाही. अर्धचंद्र आणि त्यावर अनुस्वार दिला की आकृती चंद्रबिंदूची होते. कागदावर दोन्ही एकच. संगणकाला मात्र चंद्रबिंदू हे एक चिन्ह आणि अर्धचंद्र अधिक अनुस्वार ही दोन चिन्हे. एका पद्धतीने लिहिलेली 'बँक' शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीची 'बॅंक' सापडेलच याची खात्री नाही. या टिपणातही दोन्ही रूपे येऊन गेली आहेत. डोळ्यांना त्यांतला फरक जाणवला नसेल, हाच त्या घोळाचा पुरावा.

हा सारा मागोवा घेतल्यावर आम्ही अर्धचंद्राच्या विरुद्ध आहोत, असा कोणी समज करून घेऊ नये. 'हॉल' आणि 'हाल' यांतला भेद दाखविणारे अक्षर भाषेला हवेच. आमचे म्हणणे एवढेच आहे की, अर्धचंद्र असलेला शब्द आणि नसलेला शब्द या शुद्ध आणि अशुद्ध अशा दोन पायऱ्या नसून एकच शब्द मराठीत येण्याच्या दोन वाटा आहेत. एक वाट शाळेतून आणि छापखान्यातून आली. दुसरी गिरणीच्या खात्यातून, फलाटावरून आणि बाजारातून आली. दुसऱ्या वाटेने आलेल्यांनी 'जाकीट' घडविले, 'फलाट' घडविला, आणि मराठीच्या शब्दसंपत्तीत त्यांनी घातलेली भर पहिल्या वाटेवरच्यांपेक्षा कमी नाही. 'जाबर' आणि 'बाबीन' म्हणणारी माणसे तेच काम करीत होती. त्यांच्या शब्दांना कोशात जागा मिळण्याआधीच गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि ते शब्द बोलणारी पिढीही आता विरळ होत चालली आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरातल्या, गल्लीतल्या वृद्धांकडून ते ऐकून, जसे ऐकले तसेच, अर्धचंद्र न लावता टिपून ठेवावेत, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.

राहिला वर्गातला प्रश्न. आम्ही आता 'टावेल'ला लाल शाई लावीत नाही. समासात 'टॉवेल' असे दुसरे रूप पेन्सिलीने लिहून ठेवतो. विद्यार्थ्याने कधी कारण विचारलेच, तर सांगण्यासारखे बरेच आहे.